दोन वाजून दहा मिनिटांचं लॉगिन

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून सिमेंटची कणसं दिसायची. ओहायोतल्या डब्लिन गावात फ्रँट्झ रोडला लागून एक मोकळं मैदान आहे. त्यात माणसाएवढ्या उंचीची मक्याची शंभरेक कणसं ओळीने उभी केलेली आहेत. कुणा शिल्पकाराचं काम. नागपूरहून आल्यावर पहिल्या आठवड्यात मला ती थडगी वाटली होती. तीन वर्षांत इतकी सवय झाली की समोर असूनही ती दिसेनाशी झाली.

कंपनी लहान होती, तीस-बत्तीस माणसांची. आम्ही एकच सॉफ्टवेअर बनवत होतो. मोठ्या संस्थांमध्ये रोज शेकडो कामं संगणकांना ठरलेल्या वेळी करावी लागतात: याद्या छापणं, फायली पाठवणं, साठवलेल्या माहितीची नक्कल काढून ठेवणं. कुठलं काम कुठल्या संगणकाने किती वाजता करायचं, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवायचं. ब्राउझर उघडायचा, नाव आणि पासवर्ड टाकायचा, वेळापत्रक लावायचं आणि निवांत व्हायचं.

हे सगळं मूळ लिहिलं होतं गुरुनाथ हट्टंगडी यांनी. एकोणीसशे एकोणसत्तरमध्ये अमेरिकेत आलेला माणूस. सत्तरीला टेकले तरी रोज कामावर यायचे. मी त्यांना काका म्हणायचे. दोन हजार चारच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी चहा पिता पिता ते गेले. त्यांचं टेबल माझ्या टेबलाच्या पाठीमागे होतं. आठवड्याभराने ते रिकामं झालं. संगणक उचलून कोठीच्या खोलीत ठेवला आणि त्याची नेटवर्कची वायर गालिच्यावर तशीच पडून राहिली.

मार्चच्या मध्यावर आमची मॅनेजर कॅरोल माझ्याकडे आली. मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला रुग्णालयांची एक साखळी होती. त्यांना आमचं सॉफ्टवेअर हवं होतं, पण त्यांच्या सुरक्षा विभागाने एक वाक्य लिहून पाठवलं होतं: तुमचे पासवर्ड वायरवरून उघडे जातात.

"खरं आहे का हे?" कॅरोलने विचारलं.

"खरं आहे," मी म्हणाले. "काकांनी लिहिलं तेव्हा सगळेच तसं करत होते."

"मग ते बंद कर. जूनपर्यंत."

आधी भोक किती मोठं आहे ते बघायला हवं होतं. मी ऑफिसच्या नेटवर्कवर येणारं-जाणारं सगळं टिपून घेणारा एक छोटा प्रोग्राम लावला. गुरुवारी जेवून आल्यावर पडद्यासमोर बसले. ऑफिसात जो कुणी लॉगिन करेल, त्याचं नाव आणि पासवर्ड माझ्यासमोर सरळ उमटत होता. कॅरोलचा पासवर्ड तिच्या कुत्र्याचं नाव होतं. नेटवर्क सांभाळणाऱ्या ड्वेनचा पासवर्ड 'पासवर्ड' हाच होता. मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं भिंतीला कान लावून ऐकल्यासारखं वाटत होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी एक ओळ आली. नाव: गुरुनाथ. पासवर्डच्या जागी इंग्रजी अक्षरांत, जोडून, मराठी: "मी इथे पोहोचले".

लॉगिन अर्थातच झालं नाही. ते खातं मी स्वतःच काढून टाकलं होतं.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग उठले, कप धुतला, परत आले. ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच होते. शिवाय ते 'पोहोचले' होतं. काका असते तर 'पोहोचलो' लिहिलं असतं. म्हणजे लिहिणारी बाई होती. मला एकच बाई आठवली, आणि मनात जे काही उठलं होतं ते खाली बसलं. सुलभाकाकूंनी घरी काकांचा संगणक उघडला असेल, जुनं पान समोर आलं असेल, आणि चुकीच्या चौकटीत काहीतरी टाइप केलं असेल.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. ओळ घरातून आलेली नव्हती. ती ज्या पत्त्यावरून आली तो पत्ता ऑफिसातला होता, काकांच्या त्या उचलून ठेवलेल्या संगणकाचा. मी ड्वेनला विचारलं. त्याने कोठी उघडून दाखवली. संगणक खालच्या फळीवर होता, त्यावर प्रिंटरच्या कागदांचे दोन खोके. मागच्या बाजूला एकही वायर नव्हती.

"पत्ते कधीकधी दुसऱ्या मशीनला जातात," ड्वेन म्हणाला.

"कुठल्या मशीनला गेलाय?"

त्याने यादी बघितली. कुठल्याच नाही.

शुक्रवारी, पुन्हा दोन दहाला: "खोलीला खिडकी नाही".

शनिवारी सकाळी मी काकूंकडे गेले. सायोटो नदीच्या अलीकडे त्यांचं जुनं विटांचं घर आहे. बर्फ वितळत होतं, पायऱ्यांवर चिखल झाला होता. काकूंनी नेहमीसारखे पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं. घर गरम होतं, जरा जास्तच. घर तापवणारा तळघरातला फर्नेस सारखा चालू होता.

"काकू, काकांचा संगणक तुम्ही वापरता का हो?"

"मी? तो मी देऊन टाकला. श्रीराम आला होता ना, माझा भाचा, तो घेऊन गेला टेक्ससला. का गं?"

"काही नाही. त्यांच्या नावाने कुणीतरी लॉगिन करतंय. मराठीत."

काकूंनी चमचा खाली ठेवला.

"मराठीत काय लिहिलंय?"

मी म्हणाले, "अर्धवट शब्द आहेत. कळत नाही काही." हे खोटं होतं. पण नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला 'मी इथे पोहोचले, खोलीला खिडकी नाही' हे मी कसं सांगणार होते?

"ते मराठी कधी टाइप करत नसत," काकू म्हणाल्या. "मला चिठ्ठीसुद्धा इंग्रजीत. पस्तीस वर्षं. तोंडी मात्र 'काय आणून द्यायचं ते सांग', एवढंच मराठी." मग त्या कपाळ दाबत म्हणाल्या, "आज डोकं जड आहे बघ सकाळपासून."

मी थंडीचं, पित्ताचं काहीबाही बोलले आणि निघाले.

सोमवारी काही आलं नाही. दोन वाजल्यापासून मी जागची हलले नव्हते, आणि ओळ आली नाही तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी तीनदा प्रोग्राम बंद करून चालू केला.

मंगळवार, तीस मार्च. दोन दहा. "सुलभाकाकूंना बाहेर काढ".

मी काकूंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मंगळवारी दुपारी त्या कुठे जात नाहीत, हे मला माहीत होतं. माझा नवरा रवींद्र एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. त्याचं ऑफिस काकूंच्या घरापासून पाच मिनिटांवर. तो मीटिंगमध्ये असला की फोन उचलत नाही, पण मेसेंजर चालू असतो. मी काय लिहिलं ते तेव्हा माझ्या लक्षातही नव्हतं. तो धावला, एवढं खरं.

पुढचा दरवाजा बंद होता. मागचा सरकता दरवाजा त्याने खांदा लावून उघडला. काकू पलंगावर होत्या, चेहरा लालसर, हाक मारली तर पुटपुटत होत्या. त्याने त्यांना उचलून अंगणात आणलं आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. अग्निशमनवाले यंत्र घेऊन आत गेले आणि लगेच बाहेर आले. फर्नेसचा धूर बाहेर नेणारा पाइप तळघरात सांध्यातून निसटला होता. कदाचित आठवड्यापासून. वास नसलेला विषारी वायू घरभर पसरत होता. अजून तासभर गेला असता तर, असं त्यांच्यातला एक जण म्हणाला आणि वाक्य त्याने पुरं केलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात काकूंच्या नाकाला नळी होती, पण त्या शुद्धीवर होत्या.

"तुला कसं कळलं गं?"

"तुम्ही फोन उचलला नाहीत म्हणून."

"पण फोन का केलास?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

घरी येताना गाडीत मी रवींद्रला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "एक विचारू? मला मेसेंजरवर तू काय लिहिलंस?"

"आठवत नाही."

"'सुलभाकाकूंना बाहेर काढ.' तेच शब्द. अगं, घाईत तूच चुकीच्या खिडकीत टाइप केलं असशील, मग माझ्या खिडकीत."

"लॉगिन दोन दहाचं आहे. तुला लिहिलं दोन सतराला."

"मग वाचून तेच लिहिलंस. साधं आहे, यार."

ते साधं होतंच. मला फक्त एक शब्द खुपत होता. काकांनी बायकोला 'सुलभा' म्हटलं असतं. 'सुलभाकाकू' नव्हे.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नवं लॉगिन ऑफिसात चालू झालं. ते मीच लिहिलं होतं आणि चांगलं लिहिलं होतं. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं सगळं बोलणं आता बंद पाकिटातून जात होतं. श्रूजबरीवाल्यांनी आणखी एक अट घातली होती: पासवर्ड आमच्या सर्व्हरलासुद्धा कळता कामा नये. म्हणून तो वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच दळला जायचा. गिरणीतून निघालेल्या पिठाचा पुन्हा दाणा करता येत नाही, तसं. आमच्याकडे फक्त पीठ यायचं, बत्तीस अक्षरांचं. साठवलेल्या पिठाशी ते जुळलं तर दार उघडायचं. जुळलं नाही, तर सर्व्हर तो फसलेला प्रयत्न नाव, वेळ आणि पीठ यांसह नोंदवून ठेवायचा. ही नोंदही त्यांच्याच अटींतली.

दोन वाजून दहा मिनिटांनी नोंद झाली. गुरुनाथ. त्यापुढे बत्तीस निरर्थक अक्षरं.

मी ती बघत बसले. काहीतरी सांगितलं गेलं होतं आणि मी माझ्या हाताने कानात बोळे घातले होते.

कॅरोलला मी एवढंच म्हणाले की बंद केलेल्या खात्यावर रोज प्रयत्न होतोय. तिने ड्वेनला सांगितलं. त्याने तो पत्ता अडवला. काकांच्या टेबलाखालची वायर भिंतीतून उपटून गुंडाळून नेली. दुसऱ्या दिवशी दोन दहाला नोंद झाली.

"खातंच नाही, तर आत येणार कसा?" कॅरोल म्हणाली. "आसावरी, तुझं काम नीट चाललंय याचाच हा पुरावा आहे."

तिचं बरोबर होतं. पण माझं जेवण कमी झालं. दीड वाजल्यापासून पाय टेबलाखाली हलत राहायचे. काकू आता रवींद्रने बसवलेला वायूचा अलार्म घेऊन त्याच घरात राहत होत्या, मी रोज पावणेदोनला त्यांना फोन करायचे आणि त्या म्हणायच्या, "अगं, मी ठीक आहे, तू कशी आहेस?"

पिठाचा दाणा करता येत नाही, पण एक करता येतं. दाणा कुठला असेल याचा अंदाज करून तो दळायचा आणि पीठ जुळतं का बघायचं. मी तसा प्रोग्राम लिहिला. दुपारच्या सुट्टीत वाक्यं टाकायचे. काकू पडतील, काकूंना डॉक्टरकडे ने, गॅस बघ, दार लाव, गाडी काढू नको. शेकडो वाक्यं. एकही जुळलं नाही. संध्याकाळी रवींद्र बोलत असला की त्याच्या वाक्यांचं मी मनातल्या मनात स्पेलिंग करायचे.

"तू ऐकत नाहीयेस," तो म्हणायचा.

"ऐकतेय."

"काय म्हणालो मी?"

मला ते अक्षरन् अक्षर आठवायचं. अर्थ तेवढा आठवायचा नाही.

जूनमध्ये श्रूजबरीला जायची वेळ आली. नवं लॉगिन त्यांच्या मशीनवर बसवायचं, चार दिवसांचं काम. मंगळवारी, आठ जूनला सकाळी मी पोहोचले. त्यांनी मला तळघरातल्या एका खोलीत बसवलं. पांढऱ्या भिंती, दोन टेबलं, वरून वाहणाऱ्या थंड हवेचा सततचा आवाज. काम झपाट्याने झालं. दोन वाजायच्या सुमारास पहिली चाचणी संपली, आणि मी आईला मेल लिहायला घेतला.

माझी आई नागपूरला असते. शाळेतून निवृत्त झाल्यावर हट्टाने ई-मेल शिकली. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. ती कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन वाचायची. बहुधा रोज चार ओळी. मी लिहिलं: मी इथे पोहोचले. काम बरं चाललंय. खोलीला खिडकी नाही.

आणि मेल पाठवून दिला.

त्यानंतर किती वेळ गेला मला माहीत नाही. वरून थंड हवा येत होती. मी खोलीच्या चारी भिंती बघितल्या.

खरंच खिडकी नव्हती.

मी स्वतःला समजावलं. अडीच महिने ही वाक्यं डोक्यात घोळत होती, म्हणून हाताने लिहिली गेली. रवींद्र हेच म्हणाला असता. पण मी ती आठवून लिहिली नव्हती. मी पोहोचले होते, म्हणून तसं लिहिलं होतं. खोलीला खिडकी नव्हती, म्हणून लिहिलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने परत आले. शनिवारी सकाळी रवींद्र बाजारात गेला असताना घरचा संगणक लावला. एप्रिलपासून मी मराठीत लिहिलेलं सगळं एकत्र केलं: आईला मेल, रवींद्रला मेसेंजर, पुण्याच्या एका मैत्रिणीला वाढदिवसाचं पत्र. वाक्यं सुटी केली. साडेतीन हजार झाली. ऑफिसच्या नोंदींची प्रत माझ्याजवळ होती. एप्रिलपासून अकरा जूनपर्यंत एकूण एकोणपन्नास प्रयत्न.

प्रोग्राम चालवला. चहा ठेवला. चहा उकळायच्या आत तो थांबला.

अडतीस जुळले.

"रवीला खोकला आहे." "आंबे इथे मिळत नाहीत गं." "काकू आता बऱ्या आहेत." "तू गोळ्या वेळेवर घे." धोक्याचं त्यात काही नव्हतं. सगळी माझी वाक्यं होती, माझ्या स्पेलिंगच्या चुकांसकट. 'आहे'मध्ये मी दोनदा ए लिहिते. तेही होतं.

मग मी तारखा लावल्या. खोकल्याचं लॉगिन सोळा एप्रिलचं होतं. मी ते आईला लिहिलं एकोणतीस एप्रिलला. सोळा एप्रिलला रवींद्रला खोकला नव्हता.

अडतीसच्या अडतीस आधी आलेली होती. कुठलं दोन दिवस आधी, कुठलं महिनाभर.

गुरुनाथकाकांचा यात काही संबंध नव्हता. फक्त त्यांचं नाव, त्यांचं रिकामं टेबल. कुणी वापरत नसलेली एक वाट होती, आणि त्या वाटेने मी येत होते.

आता उरलेली अकरा. ती कुठल्याच वाक्याशी जुळत नव्हती, याचा अर्थ एकच होता. ती मी अजून लिहिलेली नव्हती.

सोमवारी, चौदा जूनला, मी ठरवलं की मराठीत एक अक्षरही टाइप करायचं नाही. आईला मी कळवलं की आता फोनच करत जाईन. दुपारी दोन दहाला मी नोंदींचं पान उघडून बसले. काही आलं नाही. मंगळवारीही नाही. शेवटची नोंद अकरा जूनची, मी ठरवायच्या तीन दिवस आधीची. त्यानंतर एकही नाही.

कॅरोलने माझी पाठ थोपटली. श्रूजबरीवाल्यांनी सॉफ्टवेअर स्वीकारलं. ड्वेनने काकांच्या टेबलावर नवा माणूस बसवला, शिकागोचा, फार बोलका.

न लिहिणं मला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा ऑफिसातून निघताना सवयीने रवींद्रला मेसेंजरवर ओळ टाकली: "निघाले, वाटेत दूध घेते." पाठवल्यावर खुर्चीत परत बसले. तपासलं. अकरापैकी एक. चार जूनचं.

दहा उरली.

दूध न घेता घरी गेले.

मग मीच ती शोधायचं ठरवलं. अंदाज टाइप करणं म्हणजे लिहिणं का, याचा मी बराच विचार केला. शेवटी असं ठरवलं की कुणाला पाठवलं तरच ते लिहिणं. यालाही काही आधार नव्हता. मी घरी, जेवणाच्या टेबलावर, ऑफिसचा लॅपटॉप घेऊन बसू लागले. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची मुलं पाण्याच्या फवाऱ्यात उड्या मारायची. रवींद्र येता-जाता बघायचा. आधी विचारायचा. मग विचारेनासा झाला.

परवाचा रविवार. दुपारचं जेवण झालं होतं. रवींद्र सोफ्यावर बसून माझ्या आईशी फोनवर बोलत होता. हल्ली तोच बोलायचा. मी आईला काय काय लिहू शकेन याचे अंदाज टाकत होते. आई लवकर ये. जुळलं नाही. आई तू ये. नाही. आई लगेच ये.

नाही.

"नाही हो, काळजीसारखं काही नाही," रवींद्र म्हणत होता. "थकली आहे जरा. आई, तुम्ही उगाच जागरण करू नका."

माझी बोटं थांबली.

मी लिहिलं: आई तुम्ही लगेच या.

जुळलं.

शेवटची नोंद. अकरा जून, दोन वाजून दहा मिनिटं. तिच्यानंतर काही नाही.

मी माझ्या आईला उभ्या आयुष्यात 'तुम्ही' म्हटलेलं नाही. 'आहे'मध्ये मी दोनदा ए लिहिते, तसं 'लगेच'मध्ये रवींद्र एक जादा सी लिहितो. त्याशिवाय ते जुळत नव्हतं. मी ते तसं, जादा सी घालून, का लिहिलं, सांगता येणार नाही.

हे सगळं मी वहीत पेनाने लिहिते आहे. नऊ वाक्यं अजून बाकी आहेत. ती माझी असतील, किंवा नसतील.

आज सकाळी कामावर निघताना रवींद्र दारात घुटमळला. बूट घालून झाले होते, तरी वाकून पुन्हा लेस बांधत होता.

"काय रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "आईंचा ई-मेल अ‍ॅड्रेस काय आहे गं? तू हल्ली लिहीत नाहीस, त्यांना चुकल्यासारखं होतं. म्हटलं, मीच लिहीत जाईन."